बाप्तिस्मा झाला, तरी आठ वर्षं शोध चालूच : पंडिता रमाबाईंचा खरेपणा

देवासमोर प्रामाणिक राहा म्हटलं की आपल्याकडे बहुतेक वेळा विषय खोटं बोलू नका, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) नीट द्या, कामात विश्वासू राहा इथवर येतो आणि थांबतो. ते हवंच. पण स्तोत्र ५१ मध्ये दावीद म्हणतो की देवाला आतला खरेपणा आवडतो, आणि तो आतला खरेपणा मराठी ख्रिस्ती लोकांत कुणी जगून दाखवला असं कुणी विचारलं तर मी आधी पंडिता रमाबाईंचं नाव घेईन.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावच्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे राहिल्या, डॉक्टर व्हायचं होतं पण ऐकू कमी यायचं म्हणून ते राहून गेलं, आणि २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी लहानग्या लेकीसोबत, मनोरमेसोबत बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा कॉलऱ्याने गेलेला, पदरात पोर, राहणं-खाणं-शिक्षण सगळं दुसऱ्यांच्या आधारावर. अशा वेळी माणूस समोरचे सांगतील त्याला हो म्हणून मोकळा होतो.

रमाबाई नाही म्हणाल्या. सिस्टर जेराल्डिन त्यांची धर्ममाता, रमाबाई तिला प्रेमाने आजीबाई म्हणायच्या, आणि याच आजीबाईला त्यांनी १८८५ मध्ये पत्रातून सरळ कळवलं की मला माझी स्वतःची सद्सद्विवेकबुद्धी आहे, देवाने दिलेल्या बुद्धीने मला विचार करू द्या. त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण त्यांना पटत नव्हती, तीच शिकवण सांगणारा अथनेशियसचा मतांगीकार (चर्चमध्ये म्हणायचं विश्वासाचं कबुलीवचन) मान्य नव्हता, आणि पटलं नाही तोवर तोंडाने म्हणणार नाही यावर त्या ठाम होत्या. क्रॉस घालायचा तर त्यावर लॅटिन अक्षरं कशाला, मला लॅटिन कळत नाही, आपलं संस्कृत का नको, हासुद्धा वाद झाला. आजीबाईला यात गर्व दिसला. मला मात्र देवाचं भय दिसतं, कारण न पटलेलं कबूल केलं असतं तर माणसं खूश झाली असती आणि देवाशी मात्र खोटं बोलणं झालं असतं.

भारतात आल्यावर हाच स्वभाव महागात पडला. ११ मार्च १८८९ ला मुंबईत त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, सुरू झाली, पुढे ती पुण्यात आली. शाळेत धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं आणि ते त्यांनी पाळलं, पण स्वतःची प्रार्थना लपवायला तयार झाल्या नाहीत, खोलीचं दार उघडंच ठेवायच्या, काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारख्या मोठ्या माणसांनी सल्लागार मंडळ सोडलं, बऱ्याच मुली घरच्यांनी काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर कदाचित एवढं झालंही नसतं.

आता मला सगळ्यात जास्त भावणारी गोष्ट. १९०७ मध्ये छापलेल्या साक्षीत, म्हणजे आपल्या विश्वासाच्या हकिकतीत, त्या स्वतःच सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मवृत्त वाचताना हे त्यांना उमगलं, तो माणूसही धर्मगुरू होऊन कितीतरी वर्षांनी, प्रवचन करता करता बदलला होता. विचार करा, ही साक्ष छापली तोवर जगभर नाव झालेलं, केडगावात निराधार बायका-मुलींसाठी त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलेलं, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली त्यांना आई मानत होत्या, आणि ही बाई छापून सांगते की इतकी वर्षं मी आतून रिकामी होते. आपल्या साक्षींमध्ये सहसा एका रात्रीत सगळं बदलतं, मधली रखडलेली वर्षं कुणी बोलत नाही.

पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणायचं काम हाती घेतलं, केडगावच्या प्रेसमध्ये मुक्तीतल्या मुलीच ते छापायच्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली तरी हे काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, छापलेलं पूर्ण बायबल १९२४ मध्ये आलं.