कट्ट्यावरच्या गप्पा (सोलापूर)

सोलापूर शहरातील पेठा, गल्ल्या आणि वसाहतींमध्ये घराच्या ओट्यावर, देवळाच्या पारावर, चहाच्या गाड्यापाशी किंवा किराणा दुकानाच्या पायरीवर शेजाऱ्यापाजाऱ्यांत रोज होणाऱ्या बोलण्याला कट्ट्यावरच्या गप्पा म्हणतात. असे बोलणे महाराष्ट्रातील सर्वच गावांत चालते. सोलापुरातील वेगळेपण विषयांच्या क्रमात आहे. खाणे, खरेदी आणि नळाचे पाणी हे तीन विषय येथे इतके पुढे असतात की निवडणुकीचे दिवस सोडले, तर राजकारणाला त्यांच्या मागे उभे राहावे लागते. ज्वारी कोणाकडून घ्यावी, लग्नाचा बस्ता कोठे बांधावा, भिशीत कोणाला घ्यावे आणि कोणाला टाळावे, या गोष्टी जुन्या भागात अजूनही बऱ्याच अंशी याच बोलण्यातून ठरतात.

या गप्पांच्या वेळा गिरण्यांनी घालून दिल्या. १८७७ मध्ये सुरू झालेली आणि लोकांच्या तोंडी ‘जुनी मिल’ म्हणून राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, तसेच लक्ष्मी, विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या पाळ्यांनुसार कामगार वस्त्यांचा दिवस चाले. भोंगा झाला की रस्ते भरत आणि पाळी सुटल्यावर घरी जाण्यापूर्वीचा अर्धा तास कट्ट्यावर जाई. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी संध्याकाळी ओट्यावर बसण्याची सवय टिकली. पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात बोलावे लागत असल्याने तेथील माणसाचा आवाज मुळातच चढा असतो, असे इतर पेठांतले लोक म्हणतात, आणि ते फारसे खोटे नाही.

भाषा एकच नसते. कर्नाटकची सीमा जवळ असल्यामुळे आणि लिंगायत समाजाच्या जुन्या वस्तीमुळे कन्नड, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांमुळे तेलुगू, शिवाय दखनी उर्दू आणि मराठी अशा चार भाषा एका ओट्यावर ऐकू येतात. भाव मराठीत विचारून घासाघीस कन्नडमध्ये करणारे गिऱ्हाईक येथे कोणाला नवलाचे वाटत नाही. समवयस्क मित्र एकमेकांना ‘काय करूलालास बे?’ (काय करतो आहेस?) असे विचारतात. हे ‘बे’ सलगीचे असते, मात्र वडीलधाऱ्यांसमोर ते तोंडातून निघता कामा नये. मोठ्या बाईला ‘अक्का’ आणि मोठ्या पुरुषाला ‘अण्णा’ किंवा ‘मामा’ म्हणण्याची रीत सर्व भाषिकांत सारखीच आहे.

पाणी हा सर्वांत नित्याचा विषय. शहराला उजनी धरणातून, भीमेवरील टाकळी येथून आणि एकरुख तथा हिप्परगा तलावातून पाणी मिळते. पण अनेक भागांत ते वर्षानुवर्षे रोज न येता काही दिवसांआड येत आले आहे. त्यामुळे पाळी कधी, पाणी किती वाजता सुटणार, पाणी सोडणारा चावीवाला आला का, वरच्या गल्लीत मोटारी लावल्याने खालच्या गल्लीचा दाब गेला का, याची चौकशी नमस्काराआधी होते. परगावी निघालेले कुटुंब शेजाऱ्याकडे किल्ली ठेवते, तीही पुष्कळदा पाण्याची पाळी चुकू नये म्हणून. भांडणाचे सर्वांत मोठे कारण हेच आणि शेजारधर्माची कसोटीही हीच.

खाण्याच्या बोलण्यात ज्वारीला मान आहे. रब्बीची ज्वारी निघाली की फेब्रुवारी-मार्चपासून वर्षभराच्या साठवणीची चर्चा सुरू होते. मालदांडी जातीची ज्वारी हवी, यावर सहसा एकमत असते; ती मंगळवेढ्याची आहे की कोणी नुसतेच तसे सांगतो आहे, यावर नसते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हा संशय वाढलाच आहे. जाणकार बाई मूठभर दाणे तळहातावर घेऊन टपोरेपणा आणि मोत्यासारखी झाक पाहते, एक दाणा दाताखाली फोडते आणि काळे ठिपके दिसले की ‘पावसात भिजलेली हाय’ म्हणून पोते मागे सारते. एवढ्यावर सौदा होत नाही. आधी पायलीभर आणून दळायची आणि भाकरी थापताना कड फाटते का, तव्यावर पूर्ण फुगते का, हे पाहायचे. तो निकाल दुसऱ्या दिवशी गल्लीत सांगितला जातो आणि त्यावरून चार-सहा घरांची पोती एकदम ठरतात. भाव सर्वांना सारखा लागतो आणि दुकानदारालाही पुढच्या वर्षीची काळजी राहते.

त्याआधी, थंडीत, हुरड्याची म्हणजे भाजलेल्या कोवळ्या ज्वारीची बोलणी होतात. कोणाच्या शेतावर जायचे, हुरड्याच्या गूळभेंडी ज्वारीची कणसे आहेत का, कणसे भाजायच्या आगटीला गोवऱ्या कोण आणणार, हे ठरवण्यात हुरडा खाण्याइतकाच वेळ जातो. गरम कणीस हातावर चोळून निघालेल्या हिरव्या दाण्यांबरोबर गूळ, खोबरे आणि शेंगा चटणी लागते.

शेंगा चटणीवर मतभेद कायमचे आहेत. भाजून सोललेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ एवढेच जिन्नस असूनही प्रत्येक पेठेला आपलीच चटणी खरी वाटते. वादाचा मुद्दा कुटण्याचा असतो. उखळात कुटताना दाण्याला तेल सुटते आणि चटणी बोटांनी दाबली की गोळा धरते. मिक्सरमध्ये फिरवली की कोरडे कूट होते, आणि त्याला चटणी म्हणणे जुन्या मंडळींना मान्य नसते. चवीच्या बाबतीत त्यांचेच म्हणणे खरे मानावे लागते. पातळ थापून खरपूस वाळवलेली कडक भाकरी पुष्कळ दिवस टिकते. घरोघरी बायका ती मागणीप्रमाणे करून देतात, आणि कोणाची भाकरी बाहेरगावी पाठवल्यावर चुरा न होता पोचली, याची बातमी हीच त्यांची जाहिरात असते.

विडी वळणाऱ्या बायकांच्या गप्पा वेगळ्या नोंदीला पात्र आहेत. दुपारी दारात तीन-चार जणी बसतात, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली तेंदूची पाने. हात पान वळतात, दोरा गुंडाळतात, तोंड मोकळे असते. मजुरी हजार विड्यांवर मिळत असल्याने हात थांबवता येत नाही आणि म्हणून ऐकणारीही मान वर न करता हुंकार देते. कारखान्यात किती विड्या बाद केल्या, या महिन्याची भिशी कोणाची, मुलीच्या शाळेची फी, नवरात्रातील बतकम्मा या तेलुगू भाषिकांच्या फुलांच्या सणासाठी फुले कोठे स्वस्त, हे सारे त्याच बैठकीत निघते. कुंभारी येथील विडी कामगारांच्या मोठ्या घरकुलात गेलेल्या बायकांनी ही बैठक बरोबर नेली.

खरेदीचा नकाशा प्रत्येकाच्या डोक्यात असतो. भाजीला लक्ष्मी मंडई किंवा कस्तुरबा मंडई, कापडाला चाटी गल्ली, दागिन्यांना सराफ कट्टा, तयार कपड्यांना आणि नुसते फिरायला नवी पेठ, कांद्याला मार्केट यार्ड. चादरीविषयी मात्र सोलापूरकर पाहुणे आले तरच बोलतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीच्या नावाने पानिपतचा माल विकला जात असल्याने अस्सल चादर कोठे मिळेल, हे पाहुण्याला पटवून देणे त्याला आपले कर्तव्य वाटते.

मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत बोलण्याचे विषय बदलतात. सात नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा आणि होम मैदानावरील गड्डा ही जत्रा यांपुढे ज्वारीचा भावही मागे पडतो. मानाच्या परंपरा, रस्ते कोठे बंद, गड्ड्यावर पाळणे किती आले, याचीच चर्चा असते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवाच्या वेळी पूर्व भागात हेच घडते.

जुळे सोलापूर, विजापूर रोड अशा नव्या भागांत ओटे नाहीत. तेथे पाण्याच्या पाळीची बातमी मोबाइलवरील सोसायटीच्या ग्रुपमध्ये फिरते आणि ती पेठेतल्या बातमीपेक्षा लवकर पोचते. ज्वारी घेताना मात्र याच भागांतील पुष्कळ घरे अजूनही पेठेतल्या सासूला किंवा आत्याला फोन करून विचारतात.