मागच्या महिन्याचा हिरो विकत घ्यावा का?

१९७० सालच्या बेसबॉल मोसमाचे पहिले काही आठवडे. न्यूयॉर्क यांकीजचा नवा कॅचर थर्मन मन्सन याचं काही केल्या जमत नव्हतं. ४५ वेळा बॅटिंग करून त्याच्या खात्यात फक्त ८ हिट होते. सरासरी ०.१७८. तिकडे पिट्सबर्ग पायरेट्सच्या रोबेर्तो क्लेमेंटेने तेवढ्याच ४५ संधींत १८ हिट मारले होते. सरासरी ०.४००. त्या दिवशी यांकीजच्या एखाद्या कट्टर चाहत्याला विचारलं असतं, की बाबा, संघात काय बदल करशील, यादी दे, तर पहिल्याच ओळीत मन्सनला नारळ मिळाला असता. आणि दुसऱ्या ओळीत, वाट्टेल ती किंमत मोजून क्लेमेंटेला आणा, असा सल्ला.

इथे क्रिकेटची सरासरी डोक्यातून काढून टाकायला हवी. बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे बॅटरने एकूण संधींपैकी किती वेळा चेंडू मारून सुखरूप बेस गाठला, त्याचं प्रमाण. हजारात तीनशे, म्हणजे ०.३००, हा उत्तम बॅटर. ०.२०० च्या आसपास घुटमळणाऱ्याची जागा धोक्यात. अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमध्ये पूर्ण मोसमात ०.४०० ओलांडणारा शेवटचा माणूस टेड विल्यम्स, १९४१ साली. तेव्हा क्लेमेंटे खरोखरच ०.४०० चा बॅटर आहे, असं त्या आठवड्यात कोणी मनापासून मानलं नसणार. पण मन्सन ०.१७८ चाच आहे, हे मानणारे भरपूर भेटले असते. वाईट आकड्यावर आपला चटकन विश्वास बसतो.

पुढे काय झालं? उरलेल्या मोसमात मन्सनने ०.३१६ च्या सरासरीने बॅटिंग केली आणि अमेरिकन लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. सहा वर्षांनी तो यांकीजचा कर्णधार होता.

ही जोडी मी उगाच निवडलेली नाही. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये एक लेख लिहिला. त्यात १९७० च्या मोसमातले १८ बॅटर घेतले होते, प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधींसह. प्रश्न साधा होता. एवढ्या माहितीवरून प्रत्येकाची उरलेल्या मोसमातली सरासरी किती असेल, याचा अंदाज करायचा. कोणीही म्हणेल, ज्याची आज जी सरासरी आहे तीच पुढे धरा, दुसरं हातात आहेच काय? एफ्रॉन-मॉरिस यांनी वेगळं केलं. अठरा जणांची मिळून सरासरी येत होती ०.२६५. प्रत्येक खेळाडू या आकड्यापासून जितका दूर होता, त्यातलं फक्त एक पंचमांशाच्या आसपास अंतर त्यांनी राखलं आणि बाकीचं कापून टाकलं. मन्सन ०.१७८ वरून ०.२४७ वर आला, क्लेमेंटे ०.४०० वरून ०.२९४ वर. मोसम संपल्यावर दोन्ही पद्धतींच्या चुकांचे वर्ग करून बेरीज केली, तेव्हा कापाकापी केलेल्या अंदाजांची एकूण चूक साध्या अंदाजांपेक्षा साडेतीन पटींनी कमी निघाली.

यामागचं गणित चार्ल्स स्टाइन यांनी १९५६ मध्ये मांडलं होतं. ते पाहून संख्याशास्त्रज्ञही चक्रावले होते, कारण त्यातून निघणारी गोष्ट विचित्र वाटते. तीन किंवा अधिक गोष्टींचा एकदम अंदाज करायचा असेल, तर प्रत्येकाचा आकडा सुटा न घेता सगळे एका मध्याकडे थोडे ओढून घेतल्यावर एकूण चूक सरासरीने कमीच होते. ते आकडे एकमेकांशी संबंधित नसले, तरीही! बेसबॉलमध्ये मात्र हे समजायला फारसं अवघड नाही. पहिल्या घटक चाचणीत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलाचे वार्षिक परीक्षेतले गुण आपण तेवढेच धरत नाही, त्यातलाच हा प्रकार. ज्याची खरी क्षमता ०.२६५ आहे, असा बॅटर ४५ संधींत निव्वळ नशिबाने ०.२०० ते ०.३३० यांच्या दरम्यान कुठेही सापडू शकतो, आणि साधारण तीनातून एकदा त्याच्याही बाहेर. ५०० संधी मिळाल्या तरी नशिबाचा हा पट्टा पुरता मिटत नाही, दोन्ही बाजूंना सुमारे ०.०२० उरतोच. म्हणजे ०.२८० आणि ०.३०० या दोन बॅटरांमधला फरक ५०० संधींत दहा हिटचा. यादी करणारा चाहता त्या दहा हिटवरून एकाला डोक्यावर घेतो आणि दुसऱ्याला विकून टाकतो.

पण चाहत्याच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. क्लेमेंटेचा अंदाज ०.२९४ होता आणि प्रत्यक्षात उरलेल्या मोसमात त्याने केले ०.३४६. सूत्र त्याच्या बाबतीत कंजूष ठरलं. का? कारण सूत्राला फक्त ते ४५ प्रसंग ठाऊक होते. क्लेमेंटेने त्याआधी चार वेळा नॅशनल लीगमध्ये सर्वोच्च सरासरी राखली होती, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पिट्सबर्गच्या चाहत्याला ते तोंडपाठ होतं. आज संघांची संगणकीय भाकितं हेच करतात: खेळाडूला सगळ्यांच्या मध्याकडे नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या मागच्या काही वर्षांकडे, त्याच्या वयाकडे आणि मग लीगच्या मध्याकडे ओढतात. वय महत्त्वाचं, कारण बहुतेक बॅटर २६ ते २९ या वयात शिखरावर असतात आणि तिशीनंतर उतरणीला लागतात. मोठी नावं मात्र बाजारात साधारण तिशीच्या आसपासच येतात, करार संपलेले असतात म्हणून. चाहत्याला दिसतो तो झालेला पराक्रम. पैसे मात्र पुढच्या वर्षांसाठी मोजायचे असतात.

आता जुलैकडे येऊ. मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगचा मोसम १६२ सामन्यांचा, आणि खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत साधारण जुलैअखेर संपते. तेव्हा चाहत्यांच्या याद्यांना ऊत येतो. अमुक स्टार आणा, गंगेत घोडं न्हालं! इथे थोडी बेरीज-वजाबाकी करावी लागते, आणि ती शक्य झाली तीही एका हौशी माणसामुळे. कॅनडाच्या संरक्षण संशोधनात काम करणारे जॉर्ज लिंडसे आणि त्यांचे वडील बेसबॉलचे वेडे. शेकडो सामन्यांत कुठल्या बेसवर कोण होतं, किती आउट झाले होते आणि त्यानंतर किती रन निघाल्या, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. १९६३ मध्ये लिंडसेंनी त्यावर शोधनिबंध लिहिला. कुठल्या स्थितीतून सरासरी किती रन निघतात हे कळलं, की प्रत्येक घटनेची किंमत रनमध्ये काढता येते. आजच्या हिशेबात साध्या एका बेसच्या हिटची किंमत सुमारे ०.४५ रन, होम रनची (चेंडू थेट मैदानाबाहेर, आपल्या षटकारासारखी) सुमारे १.४, आणि वॉकची, म्हणजे पिचरने (इथला गोलंदाज) चार बॉल बाहेर टाकल्यामुळे फुकट मिळालेल्या बेसची, सुमारे ०.३. एक आउट झाला की पाव रन गेली. जुन्या सरासरीत वॉक मोजलाच जात नव्हता, आणि २००२ च्या ओकलंड संघाने नेमकी तीच स्वस्त वस्तू विकत घेतली. ती कथा सिनेमापर्यंत पोचल्यामुळे इथे लांबवत नाही.

दुसरा आकडा असा की साधारण दहा रन म्हणजे एक विजय. पूर्ण मोसमात सामान्य खेळाडूपेक्षा ४० रन जास्त देणारा बॅटर म्हणजे चांगलाच स्टार झाला, चार विजयांचा. पण जुलै संपताना मोसमाचा फक्त एक तृतीयांश उरलेला असतो. म्हणजे चाराचे राहिले सव्वा. ज्याच्या नावाने आतषबाजी होते, त्या सौद्यातून एक-दीड विजय! हे सांगितलं की चाहते चिडतात, आणि मला त्यांचा राग समजतो.

मात्र त्याच हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे, जिच्याकडे यादी करणाऱ्यांचं लक्ष जात नाही. समजा, तुमचा सेकंड बेसमन, म्हणजे दुसरा बेस राखणारा, सामान्य खेळाडूपेक्षा २० रन कमी देतो. त्याच्या जागी कोणीही बरा, नाव नसलेला, टीव्हीवर न झळकणारा सामान्य खेळाडू आणला, की २० रन पदरात. म्हणजे निम्मा स्टार, तोही स्वस्तात आणि तरणी पोरं न देता. संघातलं भगदाड बुजवण्याची किंमत शिखर उंचावण्याइतकीच असते, कारण रन शेवटी एकाच खात्यात जमा होतात. विश्लेषकांनी मोजमापाचा शून्यही त्यामुळेच खाली नेऊन ठेवला आहे: मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या दर्जाच्या स्पर्धांमधून, जवळपास फुकट मिळणारा खेळाडू. सगळा संघ अशांचाच असेल तर तो १६२ पैकी सुमारे ४८ सामने जिंकेल, असं आता धरलं जातं. प्रत्येक खेळाडूचं मोल या तळापासून मोजायचं.

पिचरच्या बाबतीत फसगत आणखी मोठी. व्होरोस मॅक्रॅकन या चाहत्याने २००१ च्या सुमारास दाखवलं, की बॅटला लागून मैदानात पडलेला चेंडू हिट होणार की आउट, यावर पिचरचा ताबा समजलो त्यापेक्षा फारच कमी असतो. असे चेंडू साधारण ३० टक्के वेळा हिट होतात, पिचर कोणीही असो. पेद्रो मार्टिनेझ हा त्या काळातला सर्वश्रेष्ठ पिचर. १९९९ मध्ये त्याच्याविरुद्ध हे प्रमाण सुमारे ०.३२५ होतं आणि पुढच्याच वर्षी सुमारे ०.२३७. हात तोच, दहशतही तीच. नंतरच्या अभ्यासांनी मॅक्रॅकनचा दावा थोडा सौम्य केला, पण पिचर निवडताना आधी स्ट्राइकआउट (चेंडू मैदानात न जाताच बॅटर आउट), वॉक आणि होम रन पाहायचे, हा धडा टिकला. आता तर चेंडू बॅटवरून किती वेगाने आणि कोणत्या कोनात सुटला तेही मोजलं जातं. २०२० पासून त्यासाठी मेजर लीगच्या मैदानांवर आपल्या ओळखीचा हॉक-आयच बसलेला आहे.

आणि मैदान! डेन्व्हरचं कुअर्स फील्ड समुद्रसपाटीपासून जवळपास १,६०० मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो आणि पिचरचा चेंडू नीट वळतही नाही. १९९५ मध्ये कोलोराडोच्या डांटे बिशेटने ४० होम रन मारल्या. त्यातल्या ३१ घरच्या मैदानावर, ९ बाहेर. त्याला विकत घेणाऱ्याला कोणता बिशेट मिळाला असता?

याच्या नेमकं उलट उदाहरण बॉस्टनच्या चाहत्यांना आजही झोंबतं. १९९० चा ऑगस्ट संपत आला होता. (तेव्हा काही अटींवर ऑगस्टमध्येही अदलाबदल होत असे.) बॉस्टन रेड सॉक्स आपल्या विभागात आघाडीवर, पण सामन्याच्या शेवटच्या टप्प्यासाठी भरवशाचे पिचर कमी. त्यांनी ह्यूस्टनकडून ३७ वर्षांचा लॅरी अँडरसन घेतला आणि बदल्यात दिला मायनर लीगमधला एक पोरगा. जेफ बॅगवेल. वय २२, जन्म बॉस्टनचाच, लहानपणापासून रेड सॉक्सचा चाहता. त्या वर्षी न्यू ब्रिटनच्या, म्हणजे रेड सॉक्सच्याच मायनर लीगमधल्या संघाकडून त्याची सरासरी ०.३३३ होती, वॉकही भरपूर, पण होम रन फक्त ४. तो खेळत होता तिसऱ्या बेसवर, आणि बॉस्टनकडे त्या जागी वेड बॉग्जसारखा दिग्गज बसलेला. चार होम रनवाला पोरगा गेला तर गेला.

न्यू ब्रिटनच्या मैदानावर होम रन मारणं मुश्कील होतं, हे त्या चारच्या आकड्यात दिसत नाही. बॅगवेलचे ३४ डबल, म्हणजे दोन बेसचे हिट, मात्र दिसत होते. ०.३३३ मधलं थोडं कापलं, वरच्या लीगसाठी आणखी थोडं कापलं, तरी हा पोरगा मेजर लीगमध्ये उभा राहील इतकं त्यात उरत होतं. पुढच्याच वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित झाला, १९९४ मध्ये सर्वात मौल्यवान खेळाडू, आणि ह्यूस्टनसाठी १५ मोसमांत ४४९ होम रन मारून २०१७ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेला.

अँडरसनचं काय? तो वाईट खेळला, अशी एक समजूत आहे. तसं नाही. त्याने बॉस्टनसाठी २२ इनिंग टाकल्या आणि त्यात त्याच्या नावावर लागल्या फक्त ३ रन. दर ९ इनिंगला, म्हणजे एका पूर्ण सामन्याला, १.२३. लाजवाब. तेवढ्याच २२ इनिंग एखाद्या सामान्य पिचरने टाकल्या असत्या, तर तेव्हाच्या मानाने दहाच्या आसपास रन गेल्या असत्या. वाचलेल्या सात. पाऊण विजय म्हणा. सामना अटीतटीचा असताना टाकलेल्या इनिंगचं वजन जास्त असतं, म्हणून सढळ हाताने दुप्पट करा, तरी दीड. रेड सॉक्सनी विभाग जिंकला तो टोरांटोपेक्षा दोन विजय जास्त मिळवून. लीगच्या अंतिम मालिकेत ओकलंडने त्यांना सलग चार सामन्यांत धुतलं, आणि त्या हिवाळ्यात अँडरसन मोकळा होऊन सॅन डिएगोला गेला.