केसाची नव्हे, कृमीची गाठ

‘कुत्र्याचा केस पोटात गेला की यकृतात पाण्याची गाठ होते’ असं आपण लहानपणापासून ऐकतो. समज अगदीच हवेतला नाही. कत्तलीतलं कच्चं काळीज-फुप्फुस खाणाऱ्या कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकॉकस नावाचा, जेमतेम काही मिलिमीटरचा फीतकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, अंगाच्या केसांनाही चिकटतात. ती हातावरून तोंडात गेली, तर गाठ. नुसत्या केसाने नाही.

या गाठीला सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘हायडॅटिड सिस्ट’ लिहिलेलं असतं. हायडॅटिड हा शब्द पाण्यावरून आलेला. शस्त्रक्रियेत गाठ उघडली की नितळ पाणी, पांढरा पापुद्रा, कधी द्राक्षांसारख्या पिल्लू-गाठी दिसतात. केस कुठेच नाही. ते पाणी पोटात सांडलं तर नव्या गाठी रुजतात, तीव्र ॲलर्जीही येऊ शकते. म्हणून सर्जन भोवती खारट द्रावणात भिजवलेले पॅड रचतात आणि अल्बेंडाझोल या कृमिनाशक औषधाच्या गोळ्याही देतात.