फ्लेम अझेलिया : पराग पंखांवरून जातात तेव्हा

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियन डोंगररांगांत, पेनसिल्व्हेनियापासून उत्तर जॉर्जियापर्यंत, ओकच्या विरळ जंगलात मे महिन्याच्या सुमारास फ्लेम अझेलिया हे झुडूप फुलतं. विल्यम बार्ट्राम या निसर्ग अभ्यासकाने १७९१ साली लिहिलं होतं की गर्द सावलीतून बाहेर पडताच ही फुलं समोर आली, की डोंगराला आग लागली की काय अशी धास्ती वाटते. वर्णन अतिशयोक्त वाटतं, पण फारसं नाही. पिवळ्यापासून केशरी आणि थेट लालपर्यंत सगळ्या छटा एकाच उतारावर दिसतात.

शास्त्रीय नाव ऱ्होडोडेंड्रॉन कॅलेंड्युलेशियम, कुळ एरिकेसी. हिमालयातला बुरांश आणि बाजारात मिळणारी ब्लूबेरी याच कुळातली. बुरांश सदाहरित, ही मात्र पानझडी. हिवाळ्यात नुसत्या काड्या उरतात आणि वसंतात पानं पुरती उलगडायच्या आतच फुलं येतात. उंची साधारण दीड ते तीन मीटर. हिच्यासारखीच दिसणारी कंबरलँड अझेलिया याच डोंगरांत वाढते, पण ती पानं पूर्ण वाढल्यावर, जून-जुलैमध्ये फुलते. शंका उरलीच तर गुणसूत्रं मोजावीत : कंबरलँडमध्ये २६, फ्लेममध्ये ५२.

खरी गंमत फुलाच्या रचनेत आहे. फूल चारपाच सेंटिमीटर रुंद. त्यातून पाच पुंकेसर (टोकाला परागकोश) आणि एक कुक्षीवृंत (टोकाला पराग घेणारी कुक्षी) पाकळ्यांच्या कितीतरी पुढे, कमानीसारखे वर वळून बाहेर आलेले. मध मात्र आत, अरुंद नळीच्या तळाशी. छोटी मधमाशी थेट नळीशी जाते किंवा एखाद्या परागकोशावर बसून पराग गोळा करते. परागकोश आणि कुक्षी या दोन्हींना तिचा स्पर्श क्वचितच होतो. मग बी धरतं कसं? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचं उत्तर मिळालं. स्वतःच्या परागांवर हे झुडूप जवळजवळ फळत नाही, आणि काम होतं ते मोठ्या फुलपाखरांकडून, विशेषतः ईस्टर्न टायगर स्वॅलोटेलकडून. तेही सोंडेने किंवा पायांनी नव्हे, तर पंखांनी. मध पिताना हे फुलपाखरू पंख फडफडवत राहतं आणि लांब केसर नेमके त्या पंखांना घासतात. परागकोशाच्या टोकाला छिद्रं असतात, त्यातून पराग चिकट धाग्यांत ओवलेले बाहेर येतात. त्यामुळे खवल्यांच्या गुळगुळीत पंखावरही ते अडकून राहतात. कीटकांच्या पंखांवरून होणारं परागीभवन फारच थोड्या वनस्पतींत नोंदलं गेलं आहे.

दिसायला सुंदर असलं तरी झुडूप विषारी आहे. पानं, फुलं, मध या सगळ्यांत ग्रेयानोटॉक्सिन असतं. ते मज्जातंतू आणि हृदयाच्या पेशींमधल्या सोडियमच्या वाहिन्या बंदच होऊ देत नाही. परिणामी उलट्या होतात, नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो. शेळ्या किंवा कुत्री असतील तर कुंपणाजवळ लावू नये.

अटलांटा किंवा शार्लटकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना हे झुडूप परसात सहज जमेल, पण तिथली लाल चिकणमाती सांभाळून. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ४.५ ते ५.५ हवा. त्यापेक्षा वर गेला की मुळांना लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी लोक खत वाढवतात, आणि तिथेच चुकतं. मातीत लोह असतं, ते विरघळत नसतं. सामू उतरवायला गंधकाची भुकटी घालावी. जिवाणूंमार्फत तिचं आम्ल व्हायला काही महिने लागतात, तेवढा धीर हवा. तुरटीच्या जातीचं अ‍ॅल्युमिनियम सल्फेट लवकर काम करतं खरं, पण जास्त झालं तर मुळांना बाधतं.

खड्डा खोल नको, रुंद हवा : मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट. गोळ्याचा माथा जमिनीपेक्षा तीनचार सेंटिमीटर वरच ठेवावा. चिकणमातीत खोल खड्डा खणून त्यात पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) भरलं, तर पाणी तिथेच साचतं आणि फायटॉप्थोरा ही पाण्यात फोफावणारी बुरशीसारखी कीड मुळं कुजवते. वरून पाइनच्या सालीचं किंवा सुयांचं पाचसात सेंटिमीटर आच्छादन, खोडापासून जरा लांब. मुळं वरच्या थरातच पसरतात, म्हणून खुरपं चालवू नये. काळ्या अक्रोडाच्या झाडाखालीही लावू नये, त्याच्या मुळांतून पाझरणारं जुग्लोन हिला सोसत नाही. छाटणी करायचीच तर फुलं गळाल्याबरोबर. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, हिवाळ्यात कात्री चालवली की बहर गेला म्हणून समजा.

महाबळेश्वरच्या जांभ्या मातीचा आम्लपणा हिला मानवेल, तिथला हिवाळा नाही मानवणार. कळ्यांची झोप मोडायला बरेच आठवडे कडक थंडी लागते.

जंगलातून उपटून आणलेलं झुडूप सहसा जगत नाही, आणि राष्ट्रीय उद्यानात तर तो गुन्हाच आहे. बियांपासून रोप करणं सोपं. बोंडं तपकिरी होऊन उकलायच्या आत, ऑक्टोबरच्या सुमारास काढून कागदी पिशवीत सुकवावीत. बी धुळीसारखं बारीक असतं. ते ओल्या स्फॅग्नम शेवाळावर नुसतं भुरभुरावं, झाकू नये, कारण उगवायला उजेड लागतो. २० अंशांच्या आसपास दोनतीन आठवड्यांत कोंब येतात, फुलांसाठी चार-पाच वर्षं थांबावं लागतं. पाणी शक्यतो पावसाचं. नळाच्या कठीण पाण्यातला चुना हळूहळू सामू वर नेतो. फांदीची कलमं कोवळ्या फुटीची घेतली तर मुळं धरतात, पण पहिल्या हिवाळ्यानंतर बऱ्याचदा फुटतच नाहीत. मुळं आल्याबरोबर कलमांना दिव्याखाली रोज सोळा तास उजेड देऊन थंडीपूर्वी एक नवी फूट काढून घेतली, तर वसंतात ती जिवंत सापडतात.