अलिटरेशन: स्पेलिंग नको, कान लावा

इंदूरच्या रामबागेत मी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द जवळ आले की अलिटरेशन’ ही व्याख्या दरवर्षी नव्या वह्यांत जशीच्या तशी सापडते. थोरल्या भावंडांकडून आलेली असते, आणि चुकीची असते. बघायचा तो आवाज, स्पेलिंग नाही.

परवा एकाने ‘कोल्ड सिटी’खाली रेघ मारून आणली. सुरुवातीला दोन्हीकडे सी खरा, पण एक क, दुसरा स. जमलं नाही. उलट ‘नाइफ’ के-ने, ‘नोज’ एन-ने, ‘नॅट’ म्हणजे चिलट जी-ने सुरू होतो, तरी तिन्ही न-चेच. म्हटलं, अरे, देवनागरीत लिहून बघ. लिहिलं आणि स्वतःच हसला. आपली लिपी इथे फुकटात कामाला येते! ‘व्हाइट’ आणि ‘व्हॅन’पाशी मात्र फसवते: पहिल्यात ओठांचा चंबू, दुसऱ्यात दात ओठावर.

शिवाय आवाज शब्दाच्या तोंडाशीच हवा असंही नाही. जोर पडतो त्या सिलॅबलवर, म्हणजे शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर हवा. ‘बिहाइंड’मध्ये जोर ‘हा’वर, म्हणून तो ‘हाउस’शी जुळतो. जुन्या इंग्रजी काव्यात यमकाऐवजी हाच मेळ ओळ बांधून ठेवायचा, आणि तिथे कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशी चालायचा.