सहावा टप्पा नेमका कशाचा?

रागूसा (आजचे क्रोएशियातले दुब्रोव्हनिक) शहराने १३७७ साली साथीच्या भागातून येणाऱ्यांना महिनाभर वेशीबाहेर थांबवले. पुढे त्या महिन्याचे चाळीस दिवस झाले आणि 'क्वारंटाइन' हा शब्द रुळला. १८९२ मध्ये जर्मनीतले हॅम्बर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळताच नळांना सोडत होते. कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसे गेली. खेटून असलेल्या अल्टोनात पाणी वाळूतून गाळले जाई, ते गाव बरेचसे वाचले.

पालिकांच्या कपाटांत आज साथीला तोंड देण्याचा जो आराखडा सापडतो, तो मात्र बहुतेक ठिकाणी बर्ड फ्लूच्या धास्तीतून, २००५ च्या आसपास आकाराला आला. त्याचा गाभा म्हणजे परिशिष्टातला तक्ता. डाव्या रकान्यात जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले साथीचे टप्पे, एक ते सहा, उजवीकडे कामे. चौथा आला की समितीची बैठक, पाचव्याला शाळा बंद करण्याची तयारी, असे. ज्या गावाकडे स्वतःचा साथरोगतज्ज्ञ नाही, त्याला बाहेरून वाजणारी घंटा सोयीचीच होती, हे मान्य.

पण टप्पे मोजत होते फैलाव, तीव्रता नव्हे. २००९ च्या स्वाइन फ्लूत २७ एप्रिलला चौथा टप्पा जाहीर झाला, २९ ला पाचवा, ११ जूनला सहावा. आजार बहुतेकांना सौम्य, तक्ता मात्र सर्वात भीषण साथीचा. त्यातच मे महिन्यात जागतिक साथीच्या व्याख्येतला प्रचंड मृत्यूंचा उल्लेख संकेतस्थळावरून काढला गेला, आणि लशींचे करार पुढे रेटण्यासाठीच हे केले, असा आरोप झाला. आरोपापेक्षा गोंधळ मोठा होता, असे मला वाटते. आपल्याकडे 'महामारी' म्हटले की कानावर 'मारी'च आदळते. 'महासाथ' हा शब्द त्या मानाने प्रामाणिक.

२०१३ मध्ये सहाचे चार टप्पे झाले आणि स्थानिक धोका आपला आपण जोखा, असे सांगण्यात आले. बरेच तक्ते तसेच राहिले. २०२० मध्ये कोविड आल्यावर ते उघडले, तेव्हा त्यांत विषाणू फ्लूचा होता आणि त्यावरच्या गोळ्यांचा साठाही धरलेला होता. देशांना बांधील असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे खरा इशारा ३० जानेवारीलाच दिला गेला होता. ११ मार्चला संघटनेने उच्चारलेल्या 'महासाथ' (पँडेमिक) या शब्दाला नियमांत स्थानच नव्हते, तरी अनेक शहरे हलली ती त्या शब्दानंतर.

जून २०२४ च्या दुरुस्तीने 'महासाथ आणीबाणी' ही वरची पायरी नियमांत आणली. म्हणजे डावा रकाना पुन्हा लिहिणे आले.