पतसंस्थेतली ठेव नॉमिनीची? नाही!

"नॉमिनी मी, म्हणजे पैसे माझेच." दहाव्या-बाराव्यालाच घरात भांडण लावणारं हे वाक्य वर्षानुवर्षं चालत आलंय, आणि ते चूक आहे.

मृत्यूचा दाखला, पासबुक, मूळ ठेवपावती आणि केवायसी दिली की पतसंस्था रक्कम नॉमिनीच्या हाती देते. तिथे संस्था मोकळी होते, इतर वारसांचा हक्क मात्र संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याबाबत आणि २०१० मध्ये बँकठेवींबाबत हेच सांगितलं: नॉमिनी पैसे स्वीकारतो, वाटणी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याने. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० नुसार वारलेल्या सभासदाचे संस्थेतले शेअर नॉमिनीच्या नावे चढले, तरी तेच.

आणि हो, ठेव ठेवणाऱ्या बाबांचं त्याच संस्थेतलं कर्ज थकलं असेल, तर संस्था ते आधी ठेवीतून वळतं करून घेऊ शकते. पावतीवरचा आकडा धरून वाटण्या करू नका.